कच्च्या मातीचं कुत्रं

माती तुडवताना मला झोप येते. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण खरं आहे. पायाखाली माती घेतली, त्यात बारीक चिरलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकलं, कोंडा टाकला आणि पाय एका तालात पडायला लागले, की डोळे उघडे असूनही मी तिथं नसते. कुठं असते ते मलाही सांगता येत नाही. नवरा गिऱ्हाइकांना सांगतो, "हे पाहा, निघाली हिची गाडी." चहा उतू चालला तरी अशा वेळी तो मला हाक मारत नाही. मारली तर मी अंगावर धावून जाते, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

आमचं चहाचं दुकान हायवेवर आहे, लाखनीच्या थोडं पुढं, आमच्या गावचा रस्ता जिथं फुटतो तिथं. टिनाचं शेड, दोन बाकडी, आलूबोंड्यांची कढई, आणि मागं एक मोठा कडुनिंब. नागपूरहून रायपूरकडे जाणारे ट्रक दिवसभर समोरून जात असतात. नव्या माणसाचं त्या आवाजानं डोकं उठतं. मला मात्र दुपारी त्याच आवाजात गाढ झोप लागते, आणि झोपेत जनावरं येतात. लहानपणापासून येतात. माझं माहेर नाकाडोंगरीकडचं. आमच्या शेजारी कान्होबाच्या मूर्ती करणारं घर होतं. त्यांच्या ओट्यावर बसून मी मातीचे बैल करायचे, मग कोंबड्या, मग शेळ्या. देव कधी केला नाही. देवाचा चेहरा कसा असतो ते सगळ्यांना आधीच माहीत असतं, मग तो करण्यात मजा काय? शेळीचं तसं नाही. दोन शेळ्यांची तोंडं कधी सारखी नसतात, पाहिल्याशिवाय ती करताच येत नाहीत.

लग्न होऊन इकडे आले तरी हाताची खोड गेली नाही. निंबाखाली ओल्या पोत्यानं झाकलेला माझा मातीचा ढीग कायम असतो. सासरच्यांनी आधी नाकं मुरडली, मग सोडून दिलं. नवऱ्यानं तर पहिल्याच वर्षी हात टेकले. मी केलेली जनावरं बाकड्याखाली, दुधाच्या डब्यामागं, कुठंही ठेवलेली असायची आणि येणारी जाणारी मुलं ती मागून न्यायची. मला त्यात आनंद होता.

ती कुत्री आली हिवाळ्यात. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि सकाळी इतकं धुकं असायचं की समोरचा रस्ता दिसायचा नाही. ट्रकचे दिवे तेवढे पिवळे होऊन जवळ यायचे आणि जायचे. अशाच एका सकाळी एक पांढरी गाडी थांबली. नवरा, बायको, मागच्या सीटवर एक लहान मुलगी आणि तपकिरी रंगाची, लांब कानांची कुत्री. त्यांनी चहा घेतला. मुलीनं कुत्रीला आलूबोंडा दिला, तो तिनं अगदी सभ्यपणे खाल्ला. मग तो माणूस तिला पाय मोकळे करायला म्हणून निंबाकडे घेऊन गेला, तिचा पट्टा काढला आणि एकटाच परत आला. दार लागलं. मुलगी आतून काहीतरी ओरडली, काच वर असल्यानं मला ऐकू आलं नाही. गाडी धुक्यात शिरली.

कुत्री मागं धावली. तिच्या नखांचा डांबरावरचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळानं ती धुक्यातून परत आली आणि गाडीचं दार जिथं लागलं होतं, नेमकी त्याच जागी येऊन बसली.

मला राग फार लवकर येतो. दूधवाल्यावर येतो, नवऱ्यावर येतो, नीट न तुडवल्या गेलेल्या मातीवरसुद्धा येतो. त्या सकाळी मात्र राग यायलाच वेळ लागला. मला वाटत होतं, हे आपण झोपेतच पाहतो आहोत. आत्ता नवरा हाक मारील, धुकं जाईल आणि त्या जागी काही नसेल.

तसं झालं नाही. ती तिथंच राहिली. पांढरी गाडी दिसली की तिचे आधी कान उठायचे, मग खांदे, मग ती उभी राहायची. गाडी पुढं गेली की पुन्हा बसायची. आजकाल रस्त्यावरच्या अर्ध्या गाड्या पांढऱ्याच असतात. बिचारीची दिवसभर ऊठबस चालायची. आम्ही समोर उभे असताना ती काही खायची नाही. वाटी ठेवून पाठ फिरवली की मग खायची. मी तिला दोरी लावून घरी नेलं, कुरवाळलं, गोणपाट अंथरून दिलं. सकाळी दुकानावर आले तर ती माझ्याआधी तिथं हजर. नवरा म्हणाला, "तिले ज्याची वाट पाहाची हाय त्याची पाहू दे. आपन चहा देनारे, आपल्यासाठी कोन थांबते?"

हिवाळा सरता सरता, अशाच धुक्यात, ती कुठल्यातरी पांढऱ्या गाडीसाठी उठली आणि पुढं, रस्त्यावर गेली. मी वाटी विसळत होते. नवऱ्यानं तिला निंबामागच्या पडीक जागेत पुरलं आणि त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मी घरी जाऊन भांड्यांवर राग काढला. रडले नाही. रडून मोकळं व्हायचं नव्हतं मला.

उन्हाळ्यात आमच्या गावची बोडी आटते. तळ्यापेक्षा लहान, बांध घालून पाणी अडवलेली जागा म्हणजे बोडी. तिच्या तळाची माती काळी, लोण्यासारखी असते. मी ती टोपल्यांनी वाहून आणली. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा बांधला, त्यावर तणसाचे दोर गुंडाळले आणि माती चढवायला घेतली. खरं तर मोठं काम मी कधीच केलं नव्हतं. हाताएवढी शेळी करणारी बाई खऱ्या कुत्र्याएवढं कुत्रं करायला बसली, म्हणून गाव बघायला यायचं. मी कुणाशी बोलत नव्हते.

बसलेलं कुत्रं कुणीही करील. मला हवं होतं ते उठायच्या बेतातलं कुत्रं. मागचे पाय अजून जमिनीवर जड, आणि खांद्यांना मात्र गाडी दिसली आहे. हे मातीत फार अवघड असतं. माती आळशी, तिला खाली बसायचं असतं. खांदे दुपारपर्यंत उभे राहायचे आणि संध्याकाळी खचलेले असायचे. कानांनी तर माझा जीव खाल्ला. केले, मोडले, पुन्हा केले. एका दुपारी बाकड्यावर डोळा लागला तर ती आली. मातीच्या ढिगाशेजारी बसली आणि मी केलेल्या कानांकडे पाहत राहिली. काही बोलली नाही. ओरडली असती तरी चाललं असतं. जागी झाले तेव्हा ट्रक जात होते, चहा उकळत होता, आणि मी उठून तेच कान पुन्हा मोडले. त्यानंतरचे जमले. डोळ्यांसाठी मी माहेरून मॅंगनीजचे दोन खडे आणले होते. आमच्याकडच्या खाणीचा तो दगड, हातात घेतला तरी बोटं काळी करतो. ते बसवले आणि मी मागं सरकले. ती समोर होती. नवरा झारा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

एवढी मोठी मूर्ती भाजायला भट्टी कुठून आणणार? कच्चीच ठेवली. नवऱ्यानं लोखंडी पाइप रोवून वर टिनाचं छप्पर टाकलं, आणि ती ज्या जागी बसायची त्याच जागी आम्ही मूर्ती बसवली, रस्त्याकडे तोंड करून. मला कुणाला उपदेश करायचा नव्हता. मला एवढंच हवं होतं, की गाडीत कुत्रं घालून इथं सोडायला येणाऱ्या माणसानं हिच्याकडे पाहावं, त्याला लाज वाटावी आणि त्यानं गाडी वळवावी. पुन्हा या जागी कुणी जनावर टाकून जाऊ नये, बस.

नवरा म्हणाला, "एखादा बोर्ड लावू का? कुत्रे सोडू नये म्हनून?"

"हे पाहून ज्याले समजत नाही, त्याले बोर्ड वाचून काय समजन जी?" मी म्हणाले.

माझा ताठा तेव्हा असा होता. काही दिवस तो टिकलाही. गाड्या सावकाश व्हायच्या, लोक फोटो काढायचे, ट्रकवाले विचारायचे आणि नवरा रंगवून गोष्ट सांगायचा. एक गाडी मी स्वतः पाहिली. मागच्या काचेला एक काळं नाक चिकटलेलं होतं. चालवणाऱ्यानं मूर्तीकडे पाहिलं, थोडा वेळ तसाच बसून राहिला आणि न उतरता निघून गेला. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना फुकट बोंडे वाटले. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग मावशी आली. ही माझी मावशी नव्हे, गावाची. गावाबाहेर मातामायचं, गावदेवीचं, ठाणं आहे, त्याची झाडलोट, दिवाबत्ती ती करते. आवाज असा की बोडीच्या पल्याडची म्हैस मान वर करते. एके सकाळी मी दुकान उघडायला आले तर मूर्तीच्या कपाळावर शेंदूर, पायाशी दोन फुलं आणि फोडलेला नारळ. मी शेंदूर पुसला. दुसऱ्या दिवशी दुप्पट लावलेला.

"मावशी, हे काय करून राहिले तुमी?" मी विचारलं. "ते कुत्रं होय. मेलेलं. मी केलं, ह्या हातानं."

"मले मालूम हाय तू केलं," मावशी म्हणाली. "गनपतीबी कोनी करतेच नं? उभ्या रस्त्यात वाट पाहून जीव देल्ला तिनं. अशी जागा बिनापूजेची ठेवाव नाही, सूनबाई. अपघात होतेत."

झाडीत राहणाऱ्या माणसाला वाघाचाही देव असतो, वाटेचाही असतो, तर कुत्र्याचा का नसावा? पुढं एका ट्रकवाल्याचा ब्रेक फाट्यावर लागला नाही आणि तो शेतात शिरूनही सुखरूप राहिला. त्यानं येऊन लाल कापड बांधलं. मग नवस सुरू झाले. लोक दुधा-पाण्यानं अंघोळ घालायचे. कच्ची माती ती! देवाचं नाक रोज धुतलं जायचं आणि मी रोज चिखल घेऊन नाक लावत बसायचे. नवरा म्हणायचा, "पुजारीन झाली तू. आता माह्या पाया पडाचं सोड." मलाही हसू यायचं. कपाळावर, पाठीवर तेल-शेंदराचे थर चढत गेले. संध्याकाळी सूर्य बांध्यांपलीकडे जाताना ती केशरी कुत्री रस्त्याकडे पाहत उठायच्या बेतात असायची, आणि मला क्षणभर वाटायचं की आज ती उठेलच.

पुढचं मात्र मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. एका सकाळी छपराच्या पाइपला एक पांढरं, केसाळ पॉमेरेनियन बांधलेलं होतं. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, समोर बिस्किटाचा पुडा. न्हाऊ घालून, केस विंचरून आणलं होतं. ते मूर्तीला टेकून थरथरत होतं. मला आधी कळेचना की हे काय. मग तो हार नीट पाहिला आणि कळलं.

आमच्याकडे देवाच्या नावानं गोऱ्हा सोडायची रीत आहे. सोडलेला गोऱ्हा कुणाचाच नसतो, देवाचा असतो. तो कुणाच्याही शेतात शिरो, त्याला कुणी मारत नाही. सोडणाऱ्याला पुण्य. लोकांनी सरळ हिशेब केला होता: गोऱ्हा महादेवाला, तर कुत्रं कुत्र्याच्या देवाला. कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी लेकरू आलं, कुणाचं कुत्रं म्हातारं होऊन घरात मुतायला लागलं. रस्त्यावर टाकायला जीव धजत नाही. पण देवापाशी सोडलं की सगळं गोड झालं. पवनीकडून, साकोलीकडून, भंडाऱ्यातून लोक यायला लागले. मी जी मूर्ती लाज वाटावी म्हणून बसवली होती, तिनंच त्यांची लाज उतरवून घेतली.

एका जोडप्याला मी सोडतानाच पकडलं. बाई हळद-कुंकू लावत होती, डोळ्यांत पाणी होतं. कुत्रं तिचा हात चाटत होतं.

"काहून सोडता वं याले?" मी ओरडलेच. "काय बिघडवलं यानं तुमचं?"

"टाकून नाही राहिलो ताई," ती म्हणाली. माझ्या आवाजानं ती घाबरली होती. "देवाले वाहून राहिलो. इथं त्याचं बरं होईन."

तिच्या डोळ्यांत खोट नव्हती, आणि त्याचाच मला धसका बसला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हात जोडून उभ्या असलेल्या बाईशी काय भांडणार? मी त्यांना बरंच काही बोलले. ते ऐकून घेऊन, मूर्तीच्या पाया पडून, मोकळ्या मनानं निघून गेले.

आलेल्या कुत्र्यांचं काय करायचं? काही गावात खपली. काही आमच्याकडे राहिली. ते पॉमेरेनियन आजही बाकड्याखाली झोपतं आणि नवऱ्याशिवाय कुणाला जुमानत नाही. काही रस्त्यानं नेली. घरात वाढलेल्या जनावराला ट्रक म्हणजे काय ते माहीत नसतं. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर चांगले होते, येऊन सुया टोचायचे, जखमा बांधायचे. एकदा हात धुता धुता ते मला म्हणाले, "बाई, मी बांधतो तेवढे तुमचा देव आणून राहिला. तो इथून उठल्याशिवाय हे थांबत नाही."

मी ते आधीच ओळखलं होतं. फक्त कुणीतरी मोठ्यानं म्हणायची वाट पाहत होते. आयुष्यात एकच काम माझ्या हातून पुरं झालं होतं. त्या खांद्यांसारखे खांदे मला पुन्हा जमतील याची खात्री नव्हती, आजही नाही. दुपारी बाकड्यावर पडलं की आता ती एकटी येत नसे. तिच्यामागं हार घातलेली कुत्री असायची, रांगेनं, आणि सगळी माझ्याकडे पाहायची. मी त्यांना म्हणायचे, जा बाबांनो घरी. पण त्यांना घर कुठं होतं?

एके दिवशी रस्त्यावर पुन्हा एक कुत्रं गेलं. मी सरळ फावडं उचललं आणि छपराखाली शिरले. पहिला घाव घालणार तोच मावशी कुठून आली देव जाणे, मूर्तीला मिठी मारून उभी.

"आधी मले मार!"

"मावशी, सरका. इचामुळं कुत्रे मरून राहिले."

"मालूम हाय मले. मी का आंधळी हाओ?" ती हमसून रडत होती. "पन देवाले फावड्यानं कोन उठवते वं? तुह्या हाताले कीड पडन."

माझ्या हातात फावडं तसंच राहिलं. श्रावण लागला होता. गावात कान्होबाची तयारी चालली होती. गोकुळाष्टमीला आमच्याकडे घरोघर मातीचा कान्होबा बसतो आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत बोडीत शिरवतात. सोनाराचा असो की मजुराचा, कच्च्या मातीचा देव पाण्यात जातोच. त्याला कुणी मोडलं म्हणत नाही. मी फावडं खाली ठेवलं.

"मंग कान्होबासंगं नेऊ इले," मी म्हणाले. "पूजा करून. शिरवू. मंग तर झालं?"

मावशीनं नाक पुसलं. बराच वेळ ती मूर्तीच्या कानावरून हात फिरवत राहिली.

"नैवेद्य लागन," ती शेवटी म्हणाली. "आन् दिंडी लागन. चोरासारखं नेऊ देनार नाही मी."

दिंडी निघाली. झांजा, मृदंग, डोक्यावर कान्होबा घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांत मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तणसावर बसवलेली माझी कुत्री. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. रोवणी झालेल्या बांध्यांत पाणी भरलेलं, त्यात आभाळ उतरलेलं, आणि मधल्या पाऊलवाटेनं भजन चाललेलं. ट्रॉलीमागं गावातली आणि आमची सगळी कुत्री आपोआप चालत होती. कुणी हाकललं नाही. आधी पोरं हसली, मग तीही मागं चालायला लागली. मला पाय जमिनीला लागत असल्याचं जाणवत नव्हतं. हे स्वप्न तरी बाकड्यावरून उठल्यावर संपावं, असं वाटत होतं.

चौघांनी धरून तिला पाण्यात उतरवलं. मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते. तेल-शेंदराचं कवच थोडा वेळ तगलं, पाण्यावर केशरी तवंग पसरला. मग कान मऊ झाले. ज्या कानांसाठी मी एवढ्या दुपारी घालवल्या, ते माझ्या बोटांतून निसटले. खांदे शेवटपर्यंत टिकले. मग तेही बसले. मी तिथं, साऱ्या गावासमोर, पाण्यात उभी राहून मोठमोठ्यानं रडले. त्या कुत्रीसाठी रडले आणि माझ्या कामासाठीही. कुणासाठी जास्त, ते मी ठरवू शकले नाही. मावशी काठावरून ओरडत होती, "रडू नको वं, रडू नको," आणि स्वतः माझ्यापेक्षा जोरात रडत होती.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं छप्पर काढलं, पाइप उपटले, खड्डे बुजवले. जागा इतकी मोकळी दिसायला लागली की माझी नजर तिकडं जाऊन अडखळायची. नवस बोलणारे काही दिवस यायचे, विचारायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. हे पुरेसं होईल की नाही ते आम्हाला माहीत नव्हतं. आपण उगाच चांगली मूर्ती घालवून बसलो, असंही मला वाटून गेलं.

मग एका दुपारी स्कूटरवर एक जोडपं आलं. पाय ठेवायच्या जागेवर दोघांच्या पिशव्यांमध्ये एक म्हातारं, काळं-पांढरं कुत्रं नीट बसलेलं. गळ्यात ताजा हार. ते उतरले, इकडे तिकडे पाहिलं, आणि बाई माझ्याकडे आली.

"ताई, अठी कुत्र्याचा देव होता नं? कोठी गेला?"

"शिरवला. कान्होबासंगं."

"मंग आता?"

"आता काय?"

"घरमालक नाही म्हनते जी," ती कुत्र्याकडे न पाहता म्हणाली. "आता याले कोनापाशी सोडाचं?"

माझ्याजवळ सांगायला पुष्कळ होतं. पांढऱ्या गाडीपासून सगळं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "कोनापाशीच नाही बाई. अठी आता कोनीच नाही. निस्ता रस्ता हाय."

दोघं त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. एक ट्रक गेला, धूळ उडाली आणि खाली बसली. नमस्कार करायला समोर काही नव्हतं. हार वाहायला काही नव्हतं. बाईनं मग पहिल्यांदा कुत्र्याकडे नीट पाहिलं, आणि तेही तिच्याकडेच पाहत होतं. तिनं त्याच्या गळ्यातला हार काढला, कुठं ठेवावा ते न सुचून पिशवीत कोंबला.

"काय करतं?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"चल," ती म्हणाली. "घरमालकाले मी पाहून घेतो."

त्यानं स्कूटर वळवली. ते पुढं कुठं गेले, घरमालकानं काय म्हटलं, मला माहीत नाही. मला दिसलं ते एवढंच, की वळताना कुत्र्यानं जीभ बाहेर काढली होती आणि वाऱ्यात डोळे बारीक केले होते. त्याच्यापुरतं ते फिरायला आलं होतं आणि आता घरी चाललं होतं.